आउटर

जळगाव, मे महिना, दुपारचे सव्वादोन.
तिसरा आणि चौथा यांच्या मध्येच
लिफ्टनं आचका दिला. दिवा गेला.

माझ्याकडे रक्ताच्या नमुन्यांचा डबा,
त्यातला बर्फ सुटत चाललेला.
शेजारी दगाजी आप्पा, भुसावळचे जुने गार्ड,
पिशवीत भरताची वांगी.

मी फटीत बोटं घातली.
चार बोटं उजेड, वर कुणाच्या चपला.
"बोटं काढ, माय," आप्पा म्हणाले,
"गाडी आउटरले उभी शे.
उतरानं नही."

मग घंटी दाबली, सोडली, परत दाबली.
पत्र्यावरचा नंबर मोबाइलच्या उजेडात वाचला.
माणूस निघालाय म्हणे.
खाली बसलो, ओढणीनं वारा घेत,
बाटलीतलं पाणी झाकणाझाकणानं.

"हात द्या, ओढून घेतो!" वरच्या चपला ओरडल्या.
आप्पांनी हात दिला नाही.
वांगी मोजत बसले.

"किती वेळ लागेल?"
"खंडव्याजवळ एकदा नऊ तास थांबलो होतो.
पोहोचलो."

चाळीस मिनिटांनी लिफ्ट हलली,
फरशीला फरशी लागली,
दार आपसूक सरकलं.
आप्पांनी आधी पायानं जमीन चाचपली,
मग मागे वळून
माझ्यासाठी पिशवी हलवली,
हिरव्या झेंडीसारखी.