नावात दुरुस्ती, खिडकी क्रमांक चार

सोमवार ते शुक्रवार, आणि निकाल लागले की शनिवारीही
मी लोकांची नावं नीट करतो.
केगावच्या माळावर, परीक्षा विभागात.
काचेला हात जाईल एवढंच भोक,
त्यातून येते उगाच दीर्घ झालेली एक कवीता,
आईच्या जागी वडील छापलेला तौफिक,
कडेवर पोर घेऊन एक बाई,
जिची दोन्ही आडनावं चुकलीत.
पोराला माझं स्टॅम्पपॅड हवं असतं.
मी म्हणतो, चलन भरा, पंधरा दिवसांनी या.
पंधराच का, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या पदवीवर छापलंय
नवीन बुरा.
बुर्रा आहे ते. एक अर्धा र वाटेत कुठे सांडला.
शेजारच्या टेबलावरून होटकर मॅडम म्हणाल्या,
"मग जुना बरा होता का?"
आठवडाभर विभाग हसला, मीही हसलो.
अर्ज मात्र अजून भरला नाही.
आपल्याच खिडकीसमोर रांगेत राहायचं
तर आत कोण बसणार?

संध्याकाळी गल्लीत, खांबाच्या उजेडात कॅरम.
इस्माईल बोर्डावर पावडर अशी शिंपडतो
जशी आई चुरमुऱ्यांवर शेंगाचटणी.
"काय करलालास बे, क्वीन घे की!"
क्वीन घेतो मी. कव्हर जात नाही.
दर वेळी तेच, इतकं तेच
की पोरं आता बघायचीही थांबली.

महिन्यातून एखादा सिनेमा, पडक्या खुर्च्यांच्या थेटरात.
हिंदीत डब केलेला नायक दात-ओठ खात बोलतो,
मी त्याच्या ओठांवरून मूळ वाक्य ऐकतो
आणि पब्लिकच्या अर्धा सेकंद आधी हसतो.
पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो.

माझी ऑर्डर अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड. मग पुन्हा अकरा.
तो खंडाचा दिवस मी कंबर तलावावर घालवतो,
पाणकोंबड्या मोजत. सतरा. की अठरा,
एक बुडी मारून कुठे निघाली कळलं नाही.
त्या दिवशी मी कुणाचाच कर्मचारी नसतो.
ऊन मात्र तेवढंच लागतं.

आणि रात्री, हे कुणाला सांगितलेलं नाही,
मी तेलुगू लिहायला शिकतोय.
बोलतो जन्मापासून. भांडतोही तिच्यातच.
वाचता येत नाही.
अप्पांची मागावरची वही आहे, निळ्या कव्हराची,
तिच्यातली अक्षरं म्हणजे
दोऱ्याची गुंडी सुटून जमिनीवर पडावी तशी.
मोबाइलवरून एकेक गिरवत चार महिने गेले
तेव्हा पहिली ओळ लागली.
वाटलं होतं, काहीतरी माझ्यासाठी असेल.
"टॉवेल बारा डझन. पैसे यायचे."
दुसरी ओळ, टॉवेल. तिसरी, टॉवेल.
चौथ्या पानावर एका शब्दाभोवती
त्यांनी पेनानं गोल काढलाय, दोनदा.
तो अजून लागत नाही.

काल माझं नाव लिहून पाहिलं.
त्या लिपीत दुसरा र
पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतो, आकडा घालून,
पडायची भीतीच नाही.
आमच्यात बुर्र म्हणजे डोकं.
हे होटकर मॅडमना सांगायला हवं होतं.

आई विड्यांचे कट्टे बांधत होती,
ओकटी, रेंडू, मूडू,
मान वर न करता म्हणाली,
"गोल गोल काय काढतोस?"
मी म्हणालो, आपलं आडनाव.
तिनं सुपाला हात पुसले, कागद उलटा धरला,
बराच वेळ पाहिला.
"बरं आहे," म्हणाली. "झोप आता.
पहाटे चारला पाणी यायचंय."