चिंचेचा ओंडका

गारगोटी रस्ता रुंद झाला तेव्हा
कळंब्याजवळची चिंच आमच्या वखारीत आली.
दोन ट्रॅक्टर, अकरा ओंडके,
सगळ्यात जाड तो आडवा टाकला तरी
इसाकच्या छातीला लागणारा.
वजन मी लिहिलं. पावती माझ्याच अक्षरात आहे:
चिंच, ओली, साल धरून.

इसाक शिकलगार मशीन सुरू करायच्या आधी
चेनच्या एकेका दातावरून अंगठा फिरवतो.
त्याचा आजा पापाच्या तिकटीला
सुऱ्यांना धार लावत बसायचा.
मग दोरी. एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा शिवी, आणि ते पेटतं.

भुसा आधी पिवळा उडतो,
मग तांबूस, मग गाभ्यापाशी
काळपट, ओल्या काथासारखा.
माझ्या वहीवर बसतो, चहाच्या सायीवर बसतो.
बाभूळ तो एका दमात उतरवतो.
चिंचेला मात्र दर वीतभर थांबतो,
पाचर ठोकतो,
नाहीतर ती बार धरून ठेवते
आणि सोडायचं नाव घेत नाही.

चौथ्या कापाला आवाज बदलला.
भाकरीत खडा लागावा तसा.
ठिणगी.
"ताई, लोखंड हाय आत."

छिन्नीनं अर्धा तास गेला.
निघाला तो बोटभर लांब खिळा,
चौकोनी, लोहारानं हातानं घडवलेला.
भोवतीचं लाकूड दौत सांडल्यागत निळंकाळं.
सालीपासून आत मी कड्या मोजल्या.
एक्केचाळीसला चुकले.
पुन्हा मोजल्या, अडतीस भरल्या.
कुणाच्या तरी अंगातलं काहीतरी
तिथं ठोकून माणसं घरी गेली होती,
मागं वळून न बघता, रिवाजच तसा,
आणि चिंच वर्षाला एक कडी
त्याच्यावर ओढत राहिली.

इसाकला चेनची पडलेली. सात दात गेले.
"भूत सुटलं तर सुटू दे,
चेनचं पैसं कोण भरणार?"
त्यानं खिळा ऐरणीवर सरळ केला,
काट्याच्या खांबात ठोकला
आणि वर आपला शर्ट अडकवला.

संध्याकाळी पाचगावच्या अनसाबाई आल्या,
बंबाला दहा किलो हवं म्हणून.
ढलपी उचलून नाकाशी धरली.
"कळंब्याची ही?"
हो म्हटलं.
शर्टाची बाही बाजूला करून
त्या खिळ्याकडे बघत राहिल्या.
हात लावला नाही.
पदराच्या गाठीतून नोटा काढल्या,
मोजल्या, मला दिल्या, पाटी डोक्यावर घेतली.
फाटकाशी पोचल्यावर म्हणाल्या,
"तीन हुते."

सकाळी सात ओंडके उरलेत.
इसाकनं नवी चेन चढवलीय,
कानातला कापूस आज काढून ठेवलाय.
दोरी. एकदा, दोनदा.
पिवळा भुसा. तांबूस.
मी पेन खाली ठेवलं.