पंधराशे दहा

चारशे अंशांवर रात्रभर भाजली पूड.
निर्वात पंपाची घरघर ऐकत
मी स्टुलावरच डुलक्या काढल्या.
पहाटे उद्यमबागेत कुठल्याशा फौंड्रीचा भोंगा झाला
तेव्हा सेलमध्ये नुसतं पांढरं होतं,
रांगोळीहून बारीक, ठणठणीत कोरडं
आणि भुकेलं.

झिओलाइट म्हणजे भोकं, असं आईला सांगितलं होतं.
चाळणीगत?
होय, पण ह्या चाळणीत रेणू अडकतो,
आणि भोकाभोकाला आंबट दात.
मग त्यात बोट घालू नको बघ, म्हणाली.

सिलिकॉनच्या जागी मधेच एखादं अ‍ॅल्युमिनियम बसतं.
यमनापूरच्या कारखान्यावरून बस जाते
तेव्हा मला हेच आठवतं:
चार हातांच्या घरात तीन हातांचा बिऱ्हाडकरू,
त्यामुळं भिंतीवर कायमचं एक ऋण,
आणि त्या ऋणापाशी प्रोटॉन,
उंबऱ्यावर टेकल्यासारखा, सैल.

सेल दस्तगीरमामांनी फुंकून दिलेला,
अनगोळच्या शेडमध्ये, दोनदा तडकल्यावर तिसऱ्यांदा.
खिडक्या मिठाच्या.
श्वास लागला तरी धुरकटतात.

मिथिलसायक्लोपेंटीन. थेंब नव्हे, वाफ.
व्हॉल्व्ह अर्धा फेरा.
प्रोटॉननं उडी घेतली असणार,
ती कुणालाच दिसत नाही.
पडद्यावर टेकडी उठली:
पंधराशे दहा.
बाहेर कुठल्या बाटलीत हा जीव धरत नाही.
इथं दोन कार्बनांनी धनभार वाटून घेतला होता
आणि भिंतीच्या ऋणाला पाठ टेकून
तो होता.
पूडही किंचित पिवळी,
हळदीचं बोट लागल्यासारखी.

हुक्केरी सर चहाचा कप घेऊनच आले.
इदेया?
इदे, सर.

मग ओ-रिंगमधून, कुठूनतरी,
ह्या गावाची ओल आत शिरली.
पाणी दिसलं की प्रोटॉन त्याच्याकडं जातो,
त्याचा दोष नाही.
उतू येणारं दूध फुंकरीनं बसावं
तशी टेकडी बसत गेली.
इदेचं इत्तु व्हायला
चाळीस सेकंद लागले.

नोंदवहीत सर कन्नडात लिहितात, मी मराठीत,
एकाच पानावर, शाईही एकच.
आकडा मधे.

ओ-रिंग बदलली. भट्टी परत चारशेवर.
आईला फोन केला नाही.
म्हणेल, घातलंस की बोट.