विसावा मॉप

परळला, तिसऱ्या मजल्यावर, रात्रीचे पावणेदोन.
दस्तूर सरांनी टाक्यांसाठी हात पुढे केला
आणि हेमांगी म्हणाली, "एकोणीस."

आठवडाच झाला होता तिला थिएटरात.
आवाज मास्कमध्येच अडकला.
परेरा सिस्टरनी तो उचलून पुढे दिला,
कात्री द्यावी तसा:
"सर, मॉप एकोणीस. वीस दिले होते."

सुई हवेत थांबली.
भुलीच्या नाडकर्णी मॅडम मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाल्या,
"घ्या वेळ. इकडे ठीक आहे."
कुणी कुणावर खेकसलं नाही.
घागमामा बादली उपडी करून
गुडघ्यांवर बसून चाळत राहिले.

सापडला. यकृतामागे, रक्ताच्याच रंगाचा.
"वीस," हेमांगी म्हणाली.
या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

महिनाअखेरच्या तक्त्यात
आमच्या टीमपुढे लाल खूण:
सरासरीपेक्षा बावीस मिनिटं जास्त.
'कारण' या रकान्यात जागा अर्ध्या ओळीची.
नोंदवही माझ्याकडे असते.
मी लिहिलं, मोजत होतो.

पेशंट शिवडीचा. मंगळवारी चालत घरी गेला.
जाताना दस्तूर सरांच्या तेवढा पाया पडला.
बाकीचे पाय
ड्यूटीवर होते.