प्रश्न सहावा

मानेवाड्याच्या दवाखान्यात कूलर कोरडाच फिरतोय.
मी दोन कागद पुढं सरकवते :
एक तन्मेश नंदेश्वर, वय पंधरा;
एक त्याच्या बापाचा.
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.
चारच चौकोन,
माणूस कुठंतरी मावतोच.

खेळ बंद केला की चिडचिड होते?
"नेट गेलं तर होते. ते कुठं मोजता?"
नाही मोजत.
शाळा सुटल्यावर घराला कुलूप असतं,
त्यालाही गुण नाहीत.

बाप मोठ्यांचा कागद भराभर भरतो,
कोळसा खाणीतला हिशेबनीस,
खुणा करायची हाताला सवय.
सहाव्यावर थांबतो.
किती वेळ खेळता, याबद्दल घरी खोटं बोललात?
पेन चौकोनावर नुसतंच तरंगतं.
"रात्री गच्चीवर जातो ना मी," तो हळूच म्हणतो,
"घरी सांगतो, उकडते म्हून."

पोरगा वाकून बघतो. हसत नाही.
"बाबा, कितवी लेव्हल?"
"चारशे बारा."
"काय सांगता!"
पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढतो.

मी बेरीज करते, दोन्ही आकडे लिहिते.
बाहेर पारा पंचेचाळीस म्हणे,
तोही सावलीतला.