खानविलकर, ३७ अंश

तेवीस वर्षं मी काचा धुतल्या.
फतेहगंजच्या त्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
परीक्षानळ्या, चंबू, पिपेट, पेट्रीच्या थाळ्या.
साबण, ब्रश, नळाचं पाणी सहा वेळा,
डिस्टिल्ड तीन वेळा, मग ओव्हन.
काच धुतली गेली का, हे कुणाला विचारायचं नाही,
उजेडात धरायची.
पाणी थेंबाथेंबानं तुटलं, तर अजून मळ आहे.
सलग पातळ पदर होऊन उतरलं,
तर झाली.

एवढं मला येत होतं.

आणि माझी बाटली?
हिरवी, प्लास्टिकची, मेहुण्याच्या कंपनीनं दिवाळीला वाटलेली.
कंपनीचं नाव पुसलं गेलं, पाठोपाठ कंपनीही गेली.
सकाळी वाडीतून निघायचो, सूरसागरच्या कडेकडेनं,
ती सायकलच्या हँडलला डुलत यायची.
कालच्या उरल्या पाण्यावर आजचं पाणी,
फार तर एकदा खळखळ.
पाणीच तर भरतो तिच्यात,
पाण्याला काय धुवायचं?

एका गुरुवारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं.
ध्वनी नावाची मुलगी मागच्या खोलीत आली,
हातात कापूस गुंडाळलेली काडी.
"काका, तमारी बॉटल आपो ने."
दिली.
तिनं झाकणाच्या आत काडी फिरवली,
रबराच्या त्या कड्याखाली,
जिथं माझं बोटही कधी पोचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी थाळ्या बाहेर निघाल्या.
दहाची नोट. मोबाइल. जिन्याचा कठडा.
संडासाच्या कडीवर चार ठिपके, लांब लांब बसलेले.
आणि एका थाळीत नुसती जत्रा,
पांढरे, पिवळे, एक गुलाबी, एकमेकांच्या अंगावर चढलेले.
काचेवर पेन्सिलनं बारीक अक्षरात:
खानविलकर, ३७ अंश.

वर्ग हसला.
मग मी दारात उभा दिसलो, तसा गप्प झाला.
मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका हो,
यातले बरेचसे तुमच्याच तोंडातले."
माझ्याच!
म्हणजे इतकी वर्षं मी मलाच पीत होतो,
शिळा,
घोट घोट.

ती थाळी मीच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली.
पंधरा पौंड, वीस मिनिटं.
जत्रा विरघळली. थाळी धुतली.
उजेडात धरली. पाणी सलग उतरलं.

घरी कुमुदची पिन मागून घेतली,
झाकणातलं कडं उचकटलं.
खाली काजळ घालावं तशी काळी रेघ,
आणि बाटलीच्या तळाशी बोट घातलं
तर गाभुळलेल्या भेंडीसारखं बुळबुळीत.
कुमुद काही बोलली नाही.
आत गेली.
फ्रिजमधल्या पाच आणल्या, नातवाची नळीवाली आणली,
स्वतःची भजनाला न्यायची आणली,
मोरीपाशी रांगेत मांडल्या.
"कळलं ना आता? धुवा."

धुतो.
गरम पाणी, चमचाभर सोडा, लांब दांड्याचा ब्रश,
नळीसाठी बारीक, केसाळ तारेचा.
कडं रोज काढून.
पण खरं काम नंतरचं:
बाटली उलटी, तोंड ओट्याला टेकवायचं नाही,
दोन चमच्यांवर तोलून, खालून वारा जाईल अशी.
झाकण वेगळं. कडं वेगळं.
ओलं असताना घाईनं झाकण लावलं
की रात्रभर राज्य त्यांचं.
नातू म्हणतो, आजोबा, बाटली आहे की घड्याळ,
किती सुटे भाग!

पुढच्या वर्षी ध्वनी दुसऱ्या वर्षात.
या वेळी बाटली घेऊन मीच तिच्या टेबलापाशी गेलो.
ती लाजली. "काका, रहेवा दो."
म्हटलं, घे. नाव मात्र पूर्ण लिही.

दुसऱ्या दिवशी थाळी मॅडमनी माझ्याच हातात दिली.
खिडकीपाशी नेली, सवयीनं उजेडात धरली.
स्वच्छ पिवळसर मैदान,
आणि अगदी कडेला, मोहरीएवढा,
एक.

मॅडम म्हणाल्या, पूर्ण मार्क नाहीत, खानविलकर.
मी म्हटलं, असू दे.
ओळखीचा दिसतोय.