ट्रायल

तीन कोटेशनं टेबलावर,
पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर
कालचाच एक बटाटा.

पहिलं पिंपाचं: आत कार्बोरंडमचा खरखरीत थर, तळाला गरगरणारी थाळी.
दुसरं ब्रशचं, नऊ रोलर, आडवं, लांब, बैलगाडीएवढी जागा खाणारं.
तिसरं वाफेचं. त्याला बॉयलर लागतो,
बॉयलरला परवानगी लागते,
परवानगीला जे लागतं
ते कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही.
ते मी सकाळीच बाजूला ठेवलं.

पवन्याच्या आमच्या गाळ्यात
पहाटे तुर्भ्याच्या मार्केटातून बारा गोण्या उतरतात.
दुपारी दोनला तोच माल उघडाबोडका
पाण्याच्या पिशव्यांत बसून हॉटेलांकडे निघतो.
मधल्या वेळात अकरा बायका, अकरा सोलाणी,
आणि एकीच्या सुनेची रोज नवी गोष्ट.

गडाशेठ ट्रायलला आपलेच बटाटे घेऊन आले,
एका मापाचे, गुळगुळीत,
मुलगी बघायला आल्यासारखे नटलेले.
दोन मिनिटांत पिंपातून चकचकीत बाहेर.
शेठनी माझ्याकडे पाहिलं.
मी पद्मिनी मढवीकडे.

ती उठली, कोपऱ्यातली गोणी ओढत आणली
आणि आमचा माल ओतला:
जुळे, कुबडे, खांद्याला हिरवे,
कुदळीचा घाव आत वळलेले.
"आता फिरवा."

पत्र्यावर गारा पडाव्या तसा आवाज.
मशीननं कुणाचं काही ऐकलं नाही,
जिथं कोपरा दिसला तिथं कोपरा खाल्ला,
कुबड्याला गोल केलं, जुळ्यांना वेगळं केलं,
वीस किलो आत, सव्वापंधरा बाहेर,
आणि गटारात पांढरा चिकट लगदा.

शेठ म्हणाले, नग खराब होता.
पद्मिनी म्हणाली, "नग असाच आसतो."

ब्रशनं साडेअठरा दिले.
खळग्यांत साल राहिली, डोळे तसेच,
मिटायचे विसरल्यासारखे आमच्याकडे बघत.
"डोले आमी कारू," ती म्हणाली,
आणि बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घातला,
कुठं अडकेल, कुठं कुजेल,
धुणारीची बोटं कुठवर पोचतील.
मग विचारलं, बंद करायचं बटण कुठंय?
मागे होतं.
"पुढं आना."
शेठनी वहीत लिहून घेतलं.
आठ पानांच्या माहितीपत्रकात
हा प्रश्न कुठेच नव्हता.

मी आकडे मांडले.
ब्रशचं एक लाख दहानं महाग,
पण रोज इतकी किलो घट वाचली
तर चौदा महिन्यांत फिटतं.
शेवटच्या रकान्यावर छापलेलं होतं: मजूर बचत.
तिथं पेन टेकवलं.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
सुनेची गोष्ट बाहेर मध्येच थांबली होती,
अकराही जणी काम करत होत्या,
कोणी काही विचारत नव्हतं.

ट्रायलच्या कागदावर साक्षीदार लागतो.
मी पद्मिनीला बोलावलं, अंगठ्याचं पॅड पुढं केलं,
आणि चुकलो.
हजेरीचं यंत्र तिचा अंगठा घेत नाही,
दोन वर्षांपासून.
तेवीस वर्षांत सोलाण्यानं रेषा नेल्या,
भिंतीवरचा तो लाल दिवा
रोज सांगतो, अशी कोणी व्यक्ती नाही.
ती वहीत सही करते,
मोठी, सावकाश, वेलांटीला वळण देऊन.

तशीच सही तिनं आता केली,
आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं,
"हितं काय भरायचं हाय?"

मी म्हटलं, बघू.

मग तिनं कागदांवरचा तो बटाटा उचलला,
"यो कालचा, काला परंल,"
आणि बोलता बोलता सोलून टाकला,
एका लांब सालीत, कुठंही न तुटता.
कोटेशनं पंख्याखाली फडफडली.
मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.